शेवटचा शब्द कुणाचा? 'नष्टनीड'पासून 'चारुलता'पर्यंत

कथेच्या अगदी शेवटच्या ओळीत चारू बोलते ते जेमतेम दोन शब्द. तिचा नवरा भूपती म्हैसूरला निघाला आहे. तिथल्या एका वर्तमानपत्राचं काम त्यानं पत्करलंय. मलाही घेऊन चला, असं चारू आधी म्हणते, आणि तो थबकतो. जिच्या मनात दुसरा कुणी घर करून बसलाय तिला परमुलखात नेऊन रोज संध्याकाळी समोर बसवायचं, हे त्याला पेलवणारं नाही. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडतो, ती पलंगाची कड मुठीत आवळते. ते पाहिल्यावर भूपती वळतो आणि म्हणतो, चल चारू, माझ्याबरोबरच चल. ती म्हणते, "ना, थाक्." नको, राहू दे.

रवींद्रनाथ ठाकुरांची 'नष्टनीड' (म्हणजे मोडलेलं घरटं) ही छोटी कादंबरी इथे संपते. १९०१ मध्ये ती 'भारती' मासिकातून क्रमशः आली होती. पुढे १९६४ मध्ये सत्यजित राय यांनी तिच्यावरून 'चारुलता' हा चित्रपट केला. त्याच्या शेवटीही चारूच बोलते, पण तिथे ती म्हणते, "एशो." या, आत या.

'राहू दे'च्या जागी 'या'. वाचलेल्या पुस्तकावरचा सिनेमा पाहताना आपण जो हिशेब मांडतो, काय ठेवलं, काय गाळलं, कुठे बदललं, त्या हिशेबात हा बदल सर्वांत मोठा. नुसतं ऐकलं तर तो मूळ लेखकाशी केलेला द्रोहच वाटतो. तो द्रोह नाही, हे माझं मत बनायला बरीच वर्षं लागली. ते कसं बनलं, ते इथे तपशिलानं मांडतो.

घरातली माणसं

काळ १८७९–८०, शहर कोलकाता. हे साल कथेत इतकं नेमकं नाही, ते राय यांनी पक्कं केलं. भूपतीला पोटासाठी काम करायची गरज नाही, घरचं गडगंज आहे. तरी तो एक इंग्रजी वर्तमानपत्र काढतो. कथेतल्या भूपतीला सरकारच्या सरहद्दीवरच्या धोरणानं झपाटलंय. चित्रपटातल्या भूपतीच्या पत्राचं नाव आहे 'द सेंटिनल', आणि त्याचं सारं लक्ष लंडनकडे. १८८० मध्ये ग्लॅडस्टनचा लिबरल पक्ष निवडून आला, तेव्हा हा आपल्या घरी मित्रांना बोलावून आनंद साजरा करतो. त्या आनंदाला कारणही होतं. व्हाइसरॉय लिटन यांनी १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला होता. लंडनला सरकार बदललं की इथला गळफास सैल होईल, असं त्या पिढीला मनापासून वाटत असे. भूपती भोळा असला तरी मूर्ख नाही. तो सज्जन आहे आणि त्याचं बायकोवर प्रेम आहे. फक्त तिच्याकडे पाहायला त्याला सवड नाही.

चारू अशा घरात वाढते जिथे तिला करण्यासारखं काही नाही. रवींद्रनाथ तिला फळ न धरणाऱ्या फुलाची उपमा देतात. फुलत राहणं, एवढंच तिचं दिवसरात्रीचं काम. घरात भूपतीचा आत्येभाऊ अमल आहे, कॉलेजात शिकणारा आणि लिहिण्याची हौस असलेला. चारूचा भाऊ उमापद भूपतीच्या छापखान्याचा आणि पैशाचा कारभार पाहतो. त्याची बायको मंदाकिनी आहे, तिला पुस्तकापेक्षा पत्त्यांत रस.

दीर आणि भावजय. मराठी वाचकाला या नात्याची चव वेगळी समजावून सांगायला नको. थट्टेची मुभा असलेलं, म्हणूनच धोक्याचं नातं. बंगालात वहिनीला 'बौठान' म्हणतात. अमल तिला चिडवतो, तिच्याकडून विडा करून घेतो, तिला वाचून दाखवतो, आपल्यासाठी चपलांवर भरतकाम करायला लावतो. प्रेम हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारत नाही, कथेतही नाही आणि चित्रपटातही नाही.

इथे एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो, कारण ती प्रत्येक चर्चेत येतेच. रवींद्रनाथांच्या वहिनी कादंबरीदेवी यांनी १८८४ मध्ये आत्महत्या केली. 'नष्टनीड' म्हणजे त्यांचीच कहाणी, असं बोललं जातं. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी तरुण रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते आणि त्यांच्या मुलीला, अन्नपूर्णेला, त्यांनी 'नलिनी' हे नाव दिलं होतं, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. म्हणजे अमलसारखे विलायतेच्या वाटेवरचे तरुण त्यांनी बाहेरून पाहिले नव्हते, ते स्वतःच त्यातले एक होते. पण कथा वाचताना ही चरित्राची किल्ली बाजूला ठेवलेली बरी. तिनं दार उघडतं खरं, पण आत शिरल्यावर आपण चारूऐवजी भलत्याच कुणाला शोधत बसतो.

अडचण नेमकी कुठे होती

'राहू दे' हा शेवट कागदावर इतका जबरदस्त का आहे? त्या दोन शब्दांच्या मागे भूपतीचं सारं मन वाचकाला उघडं करून दाखवलेलं असतं. तो काय विचार करतो, कशाला भितो, वळून 'चल' का म्हणतो, हे निवेदक सांगतो. चारूला मात्र यातलं काही सांगितलं जात नाही, तरी तिला सगळं कळतं. 'चल' या शब्दाला लागलेला उशीर तिनं ऐकलेला असतो. म्हणून 'राहू दे'.

पडद्यावर हाच प्रसंग जसाच्या तसा केला तर काय दिसेल? एक पुरुष खोलीत उभा आहे, थोडा वेळ गप्प आहे, मग म्हणतो चल. बाई म्हणते नको. प्रेक्षकाला वाटेल, रुसली. भूपतीचं मन ऐकवायचं तर त्याच्या आवाजात स्वगत घालावं लागेल, आणि तसं केलं की चारूचं कळणं सामान्य होऊन जातं. आपल्याला कानात सांगितलेलं ती न सांगता ओळखते, ही किमया कागदावरचीच आहे.

दुसरी अडचण त्याहून मोठी. कथेत भूपतीला सत्य कळतं ते तारेतून. अमल बर्द्वानच्या एका वकिलाच्या मुलीशी लग्न करतो, सासऱ्याच्या पैशानं विलायतेला जातो आणि त्याची पत्रं येणं थांबतं. चारू कासावीस होते. ती चोरून दागिने गहाण टाकते आणि उत्तराचे पैसे आधीच भरून त्याला तार करते. उत्तराची तार पडते भूपतीच्या हाती. मी बरा आहे, एवढंच तीत लिहिलेलं. भूपती चक्रावतो, चौकशी करतो, आणि एकेक धागा जुळत जातो. कागदावर हे फार सुंदर आहे. वर्तमानपत्रवाल्या नवऱ्याला आपल्या घराची बातमी तारेनं मिळावी! पण या प्रसंगातला प्रत्येक तुकडा म्हणजे गहाण, तार, उत्तर, चौकशी हा व्यवहार आहे. त्यात माणसाचा चेहरा फार कमी आहे. मधले महिने, विलायतेहून येणारं टपाल, आशा आणि निराशा, हे सगळं निवेदक दोन परिच्छेदांत सांगून मोकळा होतो. सिनेमाला ते दाखवावं लागलं असतं.

राय यांनी काय केलं

त्यांनी शेवटापासून नाही, सुरुवातीपासून काम केलं. पहिली सात-एक मिनिटं जवळजवळ बिनसंवादाची आहेत आणि जवळजवळ सगळी नव्यानं रचलेली.

चारू रुमालावर 'बी' हे अक्षर विणते आहे, भूपतीच्या नावाचं. ती नोकराला हाक मारून साहेबांना चहा द्यायला सांगते. पुस्तकांच्या कपाटाशी जाते, 'बंकिम, बंकिम' असं गुणगुणत एक पुस्तक काढते. मग बाहेरून माकडवाल्याचं डमरू ऐकू येतं. ती दांडीचा छोटा चश्मा, जो त्या काळी नाटक पाहायला हाती धरत, तो घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत धावते. झडपांच्या फटीतून रस्ता पाहते. माकडवाला जातो, पालखीवाले जातात, छत्री धरलेला एक जाडजूड गृहस्थ जातो आणि ती त्याच्याबरोबर एकेक खिडकी पुढे सरकते. तेवढ्यात भूपती येतो. पुस्तक शोधत आत जातो, पानात डोकं घालून परत फिरतो. तिच्या शेजारून जातो आणि तिला पाहत नाही. ती तोच चश्मा उचलते आणि लांब जाणाऱ्या नवऱ्याकडे त्यातून पाहते, रस्त्यावरच्या त्या जाड गृहस्थाकडे पाहिलं होतं तसं. मग हात खाली येतो, आणि कॅमेरा झपकन मागे सरतो.

ती त्याला हाक मारत नाही. या प्रकरणातला पहिला पुरावा माझ्या मते हाच. दोन हातांवरून नवरा जातो, थांबवायला एक शब्द पुरला असता, आणि ती तो उच्चारत नाही. रवींद्रनाथांच्या फळ न धरणाऱ्या फुलाच्या वाक्यातून राय यांनी इतकं काढलं. वाक्य गाळलं, पण त्यातलं रितेपण मिनिटामिनिटानं मोजून दाखवलं.

या घराबद्दलही सांगायला हवं. आतल्या खोल्या बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेल्या सेटवरच्या आहेत. जाळ्या, झडपा, भिंतींवरचा नक्षीदार कागद, लांबलचक व्हरांडा. छायालेखक सुब्रत मित्र यांचा प्रकाश पडद्यावरून परतवून आणलेला, खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उजेडासारखा मऊ. घर इतकं श्रीमंत आणि इतकं बंद आहे, की अमल पहिल्यांदा येतो तो वादळाबरोबर येतो, हे बटबटीत वाटत नाही. वारा आत येतो म्हणजे काय, हे आपल्याला तोवर कळलेलं असतं. कथेत अमल आधीपासूनच घरात आहे, राय यांनी त्याला बाहेरून आणला.

कथेत दोघांचा एक गुप्त बेत आहे. घरामागच्या पडीक जागेत बाग करायची. त्यासाठी नकाशे होतात, भांडणं होतात, खर्चाचा अंदाज काढला जातो, बाग मात्र होत नाही. राय यांनी हा बेत गाळला आणि त्याच जागेत झोपाळा टांगला. चारू झोके घेत 'फुले फुले' गाते (या गाण्याची चाल एका स्कॉटिश गीतावरून घेतलेली आहे), अमल चटईवर पालथा पडून लिहितो. कॅमेरा चारूच्या झोक्याबरोबर जातो-येतो, म्हणून ती स्थिर राहते आणि मागचं जग हलतं. मग ती तोच चश्मा उचलते. शेजारच्या घरात कडेवर मूल घेतलेली एक बाई तिला दिसते. तिथून नजर वळते ती थेट अमलकडे. एक शब्द न बोलता तिचा चेहरा बदलतो. चारू झालेल्या माधबी मुखर्जी यांचं हे काम मी किती वेळा पाहिलं असेल! प्रत्येक वेळी तो क्षण येताना दिसतो आणि तरी निसटतो.

तारेच्या जागी काय आलं? उमापद पैसे घेऊन पळतो. खचलेला भूपती अमलला म्हणतो, आता विश्वास कुणावर ठेवायचा? ते ऐकून अमलला आपण कुठे उभे आहोत ते कळतं, आणि एका रात्री तो चिठ्ठी ठेवून निघून जातो. कथेतल्या अमलपेक्षा हा अमल जास्त जाणता आहे, आणि सौमित्र चटर्जी यांनी त्याचा पोरकटपणा जपूनही तो एक क्षण पुरता गंभीर केला आहे. पुढे भूपती आणि चारू समुद्रावर जातात. तिथे चारू सुचवते की पत्र पुन्हा काढू, इंग्रजी राजकारण तुम्ही पाहा, बंगालीची बाजू मी पाहते. क्षणभर वाटतं, हे घरटं वाचेल. परत आल्यावर अमलचं पत्र आलेलं असतं. वाऱ्यानं खिडकी उघडते आणि इतके दिवस बांधून ठेवलेली चारू कोसळते, अमलचं नाव घेऊन रडते. खोलीबाहेर गेलेला भूपती परत आलेला असतो.

तो पाहतो. आख्ख्या चित्रपटात पहिल्यांदा.

तार गाळण्याचं समर्थन या दृश्यात आहे. ज्यानं तिला पहिल्या प्रसंगात पाहिलं नाही, त्याला सत्य कागदानं कळून चालणार नव्हतं, ते डोळ्यांनीच कळायला हवं होतं. तो बग्गीत बसून शहरभर हिंडतो. डोळे पुसायला रुमाल काढतो तो तिनं विणलेलाच, 'बी' अक्षराचा.

एक तक्रार

एका ठिकाणी मात्र मी रवींद्रनाथांच्या बाजूला उभा आहे. कथेत वर्तमानपत्र बुडाल्यावर भूपती बायकोकडे वळतो तो हातात लेखणी घेऊन. जन्मभर इंग्रजीत लिहिलेला माणूस बंगालीत लिहायला बसतो, कारण चारूला साहित्य आवडतं. मोठ्या कष्टानं काही कागद लिहितो आणि ते तिच्यासमोर ठेवतो. चारू सौजन्यानं वाचते, आणि त्या सौजन्यातच सगळं येतं. पुढे सत्य कळल्यावर तो ते कागद आगीच्या हवाली करतो. नवऱ्याच्या उशिरा आलेल्या प्रेमाचं इतकं करुण चित्र मला दुसरीकडे भेटलेलं नाही. चित्रपटात याची जागा समुद्रकाठच्या नव्या पत्राच्या बेतानं घेतली. बेत चांगला आहे, कथानक पुढे नेतो, आणि त्यात चारूला मान आहे. पण त्यात भूपतीचं धडपडणं नाही. भूपती झालेले शैलेन मुखर्जी हे सहज करू शकले असते, असं त्यांचा बग्गीतला चेहरा पाहून वाटतं. वेळेची मर्यादा होती, हे मान्य. तरी हळहळ जात नाही.

अशा तक्रारी तेव्हाही झाल्या. चित्रपट आला त्याच वर्षी 'परिचय' नियतकालिकात अशोक रुद्र यांनी लिहिलं की राय यांनी मूळ कथा बदलली. राय यांनी त्याला लांबलचक उत्तर दिलं आणि कथा व पटकथा शेजारी शेजारी ठेवून प्रसंगाप्रसंगाची कारणं मांडली. एरवी टीकेच्या वाट्याला फारसे न जाणारे राय या एका चित्रपटासाठी इतके झटले, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात १९६५ मध्ये दिग्दर्शनासाठी त्यांना रौप्य अस्वल मिळालं, इकडे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पण पुरस्कारांपेक्षा त्यांनी स्वतः नंतर म्हटलेली गोष्ट जास्त बोलकी आहे: पुन्हा करायचा झाला तर आपण जसाच्या तसा करू असा आपला चित्रपट हाच.

दार

आता शेवट. भूपती परत येतो. चारू दार उघडते. तो उंबऱ्याशी घुटमळतो. ती हात पुढे करते आणि म्हणते, "एशो."

पहिल्या प्रसंगात न मारलेली हाक ती इथे मारते. म्हणून हा शब्द 'राहू दे'च्या उलट असूनही परका नाही, याच चित्रपटाच्या पोटातून आलेला आहे. कथेतली चारू जे मागायचं ते मागून चुकलेली असते, तिला फक्त नाकारणं उरतं. या चारूनं अजून काहीच मागितलेलं नाही. ती पहिल्यांदा मागते आहे, आणि तेही उशीर झाल्यावर.

भूपती हात पुढे करतो. दोन्ही हात एकमेकांच्या जवळ येतात, आणि चित्र थांबतं. बोटं भिडायला जेमतेम अंतर उरलेलं. मग एकामागून एक थिजलेली चित्रं येतात. चारूचा अर्धा उजेडातला चेहरा. भूपतीचा चेहरा. दिवा घेऊन उभा असलेला म्हातारा नोकर. मग लांबून दोघं, व्हरांड्यात, हात तसेच पुढे केलेले.

'राहू दे' कुठे गेलं, याचं उत्तर मला या थांबलेल्या चित्रांत सापडलं. चारूच्या तोंडचा शब्द राय यांनी काढून घेतला आणि तो चित्रपटाच्या हाती दिला. ती म्हणते या, तो येऊ पाहतो, आणि थांबवतो तो कॅमेरा. नवरा-बायको दोघंही पुढे यायला तयार आहेत, कुणीही वाईट वागलेलं नाही, तरी हात भिडत नाहीत. कथेत नकार चारू देते, इथे तो झालेल्या वेळेनं दिला आहे. मला हा शेवट कथेहून जास्त क्रूर वाटतो. काही मित्रांना तो आशेचा वाटतो, हात पुढे तरी झाले असं ते म्हणतात. त्यावर आम्ही भांडलोही आहोत, आणि मी माझ्या मतावर आहे. कारण पुढची पाटी.

पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा मला बंगाली लिपी येत नव्हती. थिजलेल्या चित्रावर शेवटी काही अक्षरं उमटली, ती 'समाप्त' असतील असं धरून मी उठलो. पुढे अक्षरं शिकून पुन्हा पाहिलं तेव्हा ती वाचता आली. राय यांनी चित्रपटाला नायिकेचं नाव दिलं होतं, रवींद्रनाथांचं शीर्षक सुरुवातीला वापरलं नव्हतं. ते त्यांनी इथवर राखून ठेवलं होतं. अधांतरी राहिलेले दोन हात, मागे नोकराच्या हातातला दिवा, आणि पडद्यावर एकच शब्द: नष्टनीड.